आधी विचारा, मग नेमा

लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या आमच्या गल्लीत ब्रिटिश सैन्यावर लक्ष ठेवणारा एकच माणूस आहे, तो म्हणजे शेजारचे कर्णिककाका. लष्करी अधिकाऱ्यांच्या नेमणुकांची सरकारी यादी आली की ते चहा गार होईपर्यंत वाचतात आणि कपाळाला हात लावतात. "ह्याला पार्लमेंटनं काही विचारलं का? नाही! आधी विचारा, मग नेमा!"

इथे सैन्यातल्या नेमणुकांना खासदारांची मंजुरी लागत नाही, हे काकांचं जुनं दुखणं. दर महिन्याला ते एमपीला पत्र लिहितात. टाइप मी करतो. सोबत खासदारांनी अधिकाऱ्यांना विचारायचे अकरा प्रश्न असतात. एमपीकडून दरवेळी आभाराचं तेच उत्तर येतं. काका ते फाइलला लावून म्हणतात, "विचार चाललाय त्यांचा."

तोवर त्यांचा नियम गल्लीला लागू आहे. मला गणेशोत्सवाचा सेक्रेटरी करण्याआधी त्यांनी स्वयंपाकघरात चाळीस मिनिटं उभं केलं होतं. "शिरा कमी पडला तर आधी कोणाला वाढाल?" "मुलांना." "आणि तुम्ही?" "उरला तर." तेव्हा कुठे मी पास झालो. घरातला बॉयलर दुरुस्त करायला आलेला माणूस मात्र तिसऱ्या प्रश्नालाच निघून गेला.

परवाच्या यादीत कॅप्टनपदी बढती मिळालेल्यांत एक नाव होतं, मृणाल कर्णिक. काकांची एकुलती एक मुलगी. आपल्याला न विचारता आर्मीत गेली म्हणून काका तिच्या पासिंग-आउट परेडला गेले नव्हते, आणि तेव्हापासून दोघांचं बोलणं बंद. काकू असत्या तर असं होऊ दिलं नसतं.

त्या दिवशी काका पत्र सांगायला बसले. "खासदारसाहेब, निदान हिला तरी बोलावून विचारा..." त्यांनी यादीतल्या तिच्या नावावर बोट ठेवलं. मला त्यांचा राग आला आणि वाईटही वाटलं. "काका, हे काम पार्लमेंटचं नाही," म्हणत मी त्यांच्याच फोनवरून तिला फोन लावला आणि स्पीकरवर ठेवला.

"बाबा?"

काकांनी घाईघाईनं प्रश्नांचा कागद समोर धरला. "प्रश्न पहिला. जेवण कमी पडलं तर आधी कोण जेवतं?"

"सोल्जर्स, बाबा. ऑफिसर्स ऑल्वेज लास्ट."

काकांनी त्यावर टिक केली. खाली अजून दहा प्रश्न होते, पण त्यांनी कागद टेबलावर ठेवून दिला.

"मग तुला कोण वाढतं गं?"

अगदी हळू आवाजात ती म्हणाली, "बाबा, मी संडेला घरी येऊ?"

"ये," काका म्हणाले. "शिरा करतो."