सुभेदारांचा गुरुवार

गुरुवारी संध्याकाळी पावणेसात वाजले की सुभेदार माने गच्चीच्या कठड्याशी येऊन उभे राहत आणि साऱ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात हुकूम सोडत, "टूब बंद! मिक्सर बंद! ओव्हर!"

साताऱ्यात नव्यानं राहायला आलेल्या माणसाला वाटे, पुन्हा लढाई लागली. जुने लोक निमूटपणे ट्यूब घालवून साधा बल्ब लावत. सुभेदारांच्या शॉर्टवेव्ह रेडिओवर सात वाजता विलायतेहून एक मालिका लागायची आणि आसपास ट्यूब चालू असली की त्यात नुसती घरघर उठायची. एरियलची तांब्याची तार त्यांच्या गच्चीवरून निघून आमच्या कपडे वाळत घालायच्या खांबाला येऊन मिळाली होती. त्यामुळे गुरुवारी आमच्या घरी धुणं वाळत घालायला बंदी. "वली साडी शिग्नल खाती," असं त्यांचं शास्त्र होतं. माझी बायको म्हणायची, "खाऊ दे की. साडीनं तरी पोटभर खावं."

सुभेदार लोणंदजवळच्या एका खेड्यातले. फौजेत अठ्ठावीस वर्षं वायरलेसवर बसून आलेले. पेन्शनीत आले, पण वायरलेस काही कानातून उतरला नाही. आपलं बोलणं संपलं की ते "ओव्हर" म्हणत, मग समोरच्यानं बोलायचं. त्याआधी कुणी तोंड उघडलं तर हात वर करून त्याला थांबवत आणि वाक्य पहिल्यापासून पुन्हा सुरू करत. माझ्या बायकोशी त्यांचं एकही वाक्य कधी पूर्ण झालं नाही.

मी या भानगडीत सापडलो तो माझ्या इंग्रजीमुळं. तीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं, त्याचा गावाला काय उपयोग झाला, हे विचारू नका. त्या वर्षांत गल्लीत घरोघरी केबल आली होती, मुलं हिंदी गाण्यांवर नाचत होती आणि निवृत्त इंग्रजी मास्तर म्हणजे अडगळ झाला होता. फक्त सुभेदारांना माझी गरज होती. "गुर्जी, गोऱ्याचं बोलनं मला निम्मंच उमगतंय. निम्मं तुमी सांगा. ओव्हर." गुरुवारी त्यांच्याकडं रेडिओपुढं बसणारा तिसरा मेंबर आमचा शिंपी, कुंभार. शिंप्याचं आडनाव कुंभार कसं, असं विचारलं की तो रागावायचा. तेव्हा मी विचारत नसे.

मालिका दोन होत्या. सुभेदार त्यांना थोरली आणि धाकटी म्हणत. थोरलीत एक कॅप्टन काळातून मागंपुढं फिरणारं जहाज घेऊन ग्रहाग्रहांवर जायचा आणि माणसं मरायला टेकली की अगदी ऐन क्षणी हजर व्हायचा. थोरली संपली आणि तिच्यातूनच धाकटी निघाली. ही भलतीच उदास. थोरलीत कॅप्टन ज्यांना "हा आलोच" सांगून मागं ठेवून गेला आणि विसरला, त्यांची ही गोष्ट. एका उजाड ग्रहावरच्या ठाण्यात पाचसहा माणसं रोज वायरलेसवर त्याला हाका मारतात. कुणी येत नाही. दर दोन आठवड्यांनी एक माणूस कमी होतो.

कुंभाराला थोरलीच आवडायची. "माने, ह्यात गंमत काय? नुसती माणसं मरत्यात."

"थोरली म्हंजे लेकरं निजवायची कहानी," सुभेदार तुच्छतेनं म्हणत. "दर टायमाला येळंवर पोचनारा मानूस तू बघितलायस का कुटं? मी तर आरशातबी बघितला न्हाई. धाकटी खरी हाय. ओव्हर."

आणि खरं सांगतो, मलाही धाकटीच आवडू लागली. दिवसभर कुणी न विचारणारा माणूस मी. ठाण्यातल्या त्या माणसांत मला घरच्यासारखं वाटायचं. अखेर ठाण्यात एक मुलगी तेवढी उरली. तिचा आवाज आला की सुभेदार रेडिओजवळ सरकत आणि कुंभाराच्या श्वासालासुद्धा हरकत घेत.

शुक्रवारी सकाळी ते वही घेऊन माझ्याकडं येत. कालचा भाग मी मराठीत सांगायचा, त्यांनी लिहून घ्यायचा. मग ती पानं पाकिटात घालून सांगलीला रवाना. सांगलीत त्यांची एकुलती एक मुलगी, सुमन. एका कॉलेजच्या ग्रंथालयात कामाला. ती साताऱ्याला आलेली गल्लीत कुणी पाहिली नव्हती. तिचं पत्रही कधी आलं नाही. सुभेदारांची एक लॉगबुकाची वही होती. त्यात पाकिटाची तारीख टाकून पुढं ते लिहीत, "सांगली. जबाब नाही." अशी पानंच्या पानं भरली होती. कडवट बापाला मुलगी विटली असेल, असं मी मनात म्हणून टाकलं. दुसऱ्याचं घर समजायला मला नेहमीच फार थोडा वेळ पुरतो.

शेवटचा भाग आला. कॅप्टन एकदाचा परत आलाय, म्हातारा होऊन ठाण्याच्या बंद दारावर थापा मारतोय, आत ती मुलगी उठून दाराशी आलीय. सुभेदारांची बोटं मांडीवर पायजम्याचं कापड चुरगाळत होती. आणि नेमका त्याच वेळी माझा मेव्हणा कऱ्हाडहून आमच्या घरी टपकला. अंधार कसला केलाय म्हणून त्यानं बैठकीतली ट्यूब लावली. रेडिओत जी घरघर उठली, ती पुढच्या कार्यक्रमाचं संगीत लागेपर्यंत. मेव्हण्याला आयुष्यात एकच गोष्ट वेळेवर करता आली, ती ही.

मी धावत जाऊन ट्यूब घालवून आलो, पण सगळं आटोपलं होतं. मला वाटलं, आता सुभेदार आभाळ डोक्यावर घेणार. ते हळूच म्हणाले, "गुर्जी, दार उगडलं का तिनं? ओव्हर."

"ऐकू आलं नाही हो."

कुंभार उठून गेला. सुभेदार बसून राहिले आणि मग त्यांनी तारेची गोष्ट सांगितली.

"फौजंत रजा मिळायची न्हाई, तवा घरून खोटी तार मागवायची. समद्यांचीच रीत. मी सुमनला मजकूर पाठच करून घेतला हुता. 'मदर सीरियस स्टार्ट इमिजेटली.' तिची आई अडानी, म्हनून पोरगीच तारहापिसात जायची. जत्रंला एकदा, भावाच्या लग्नाला एकदा, उसाच्या तोडीला एकदा. सायेब हसायचा, पन सोडायचा."

त्यांनी रेडिओची कळ उगाच फिरवली.

"मग मी चौकीवर असताना एक दिस तीच तार आली. वायरलेसवर मीच हुतो, माझ्याच हातानं लिवून घ्येतली. म्हनलं, पोरीला आटवन आली जनू, का जत्रा लवकर धरली. खिशात घातली आन हॉलीबॉल खेळाय गेलो. चार दिसांनी दुसरी तार आली. तवर बायकूला मसनात न्हेऊन पोचिवलं हुतं. गावाकडं सांगितलं, रजा न्हाई मिळाली. सुमन तवा अकरा वर्सांची. काय बोलली न्हाई. त्यापुढं कामापुरतंच बोलली. ल्हान हुती, पन तिला कळलं आसंल, बाप खोटं बोलतोय. ओव्हर."

ओव्हर म्हणाले म्हणजे आता मी बोलायचं होतं. तीस वर्षं पोरांना बोलायला शिकवलेल्या माणसानं उठून नुसता रेडिओ बंद केला. मला स्वतःची लाज वाटली.

दहाबारा दिवसांनी सुभेदार भरदुपारी एक पोस्टकार्ड घेऊन आले. वर "तीर्थरूप" नाही, खाली "तुमची" नाही. चार ओळी होत्या. "रेडिओ मीही ऐकते. तुमच्या पत्रात शेवटचा भाग आला नाही म्हणून कळवते. मुलगी दार उघडत नाही. आतून एवढंच विचारते, इतका उशीर का झाला? कॅप्टनला उत्तर देता येत नाही. तिथंच संपतं. सुमन."

"आईकत हुती, गुर्जी," सुभेदार म्हणाले. "दर बेस्तरवारी तिकडं टूब बंद करून बसत आसंल. मी सांगलीला जातो."

"आधी एक तार करा, येतोय म्हणून," मी बोलून गेलो.

सुभेदारांनी पोस्टकार्ड खिशात घातलं. दुसऱ्या दिवशी पहाटेच्या एसटीनं ते गेले आणि संध्याकाळी परतही आले. टोपीसुद्धा न काढता आमच्या पायरीवर बसले. मी विचारलं, "उघडलं दार?"

"उगडलं. चा दिला. मग तिनं इचारलं, उशीर का झाला. म्या खरं सांगितलं. खोटी वाटली म्हनून आलो न्हाई, म्हनलं."

"मग?"

"तिला म्हाईत हुतं. म्हनली, तारमास्तरनं इचारलं, काय लिवू बाळ? मला एकच तार पाठ हुती, तुमी शिकिवल्याली. तीच सांगितली. घराकडं येताना वाटंतच मनात आलं, ही तर खोटी तार, बाबांना खरी कशी वाटंल? पन माघारी गेले न्हाई, आई घरात एकटी हुती." त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "ईस वर्सं गुर्जी. ईस वर्सं पोरीला वाटतंय, तिनं मजकूर चुकिवला म्हनून बाप आला न्हाई. त्या शरमेनं ती मला तोंड दावत न्हवती, आन मी तिला."

आतून बायकोनं पाण्याचा तांब्या आणून त्यांच्यासमोर ठेवला. बोलायला तिनं तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. सुभेदारांनी अजून ओव्हर म्हटलं नव्हतं. आम्ही दोघंही थांबलो.