चौसष्ट दातांचा ड्रायव्हर

सावरखेडा नगरपंचायतीच्या नव्या संगणकानं नळांची यादी आत घ्यायला नकार दिला, कारण यादी वाचणाऱ्या हेमलता बोरुडे यांना बत्तीसच दात होते.

सोमवारी सकाळी पडद्यावर तसं स्पष्ट लिहून आलं. 'ड्रायव्हर जुळत नाही. उपलब्ध दात बत्तीस. आवश्यक चौसष्ट.' हेमलताबाईंनी ते तीनदा वाचलं आणि जिभेनं आपले दात मोजले. बत्तीस भरले. यंत्राचं चुकलं नव्हतं.

पाणीपुरवठा विभागात त्या एकोणीस वर्षं लिपिक होत्या. शीटमधली यादी डेटाबेसात चढवायची म्हणजे यंत्रासमोर बसून एकेक ओळ मोठ्यानं वाचायची: नाव, घर नंबर, पाण्याची वेळ. वाचून देणाऱ्याला परिपत्रकात ड्रायव्हर म्हटलेलं होतं. हेमलताबाईंना साधी सायकलही येत नव्हती, पण जुन्या यंत्राच्या ड्रायव्हर म्हणून त्यांचं काम चोख होतं. जुनं यंत्र बत्तिशीचं होतं. ते शुक्रवारी पाच वाजता बंद व्हायचं होतं, आणि त्यानंतर गावातले पाण्याचे वॉल नव्या यंत्राच्या हुकमानंच उघडणार होते. ज्या नळाची नोंद आत नाही, त्याला पाणी नाही. यादीत एक हजार नऊशे बारा नळ होते.

त्यांनी जिल्ह्याला फोन लावला. तांत्रिक अधिकारी लोणकर यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सगळीकडे हेच चाललंय, मॅडम. यंत्रं चौसष्टची आली, माणसं बत्तीसचीच राहिली."

"मग चौसष्ट दातांचा माणूस आणू कुठून?"

"एकच माणूस पाहिजे असं नाही. दोघं जोडता येतात. पण दोघांनी एकदम बोलायचं. अक्षर मागेपुढे झालं की त्याला दोन ड्रायव्हर दिसतात, आणि ते दोघांनाही काढून टाकतं."

"एकाचे तीस असले, दुसऱ्याचे चौतीस, तर?"

"चालत नाही. दोन्ही बत्तीसच लागतात."

"चौतीस असतात का कुणाला?"

"त्याबद्दल परिपत्रकात काही नाही," लोणकर म्हणाले.

दुपारी गावातले दंतवैद्य डॉ. मोमीन यांना बोलावून सभागृहात सगळ्या कर्मचाऱ्यांचे दात मोजण्यात आले. तंबाखूनं, मिसरीनं आणि वयानं आपापलं काम केलेलं होतं. बांधकाम विभागात मिळून चोवीस भरले. लेखापालांची वरची कवळी होती. ती धरायची का, म्हणून पुन्हा फोन केला, तर कवळी बाहेरून जोडलेली असते, ती धरत नाहीत, असं उत्तर आलं. मुख्याधिकारी राजपाठक साहेबांचे अठ्ठावीस निघाले. हा आकडा कागदावर येऊ नये, असं त्यांनी डॉक्टरांना हळूच सांगितलं.

पूर्ण बत्तीस निघाले ते फक्त हेमलताबाईंचे.

"निवृत्तीचे पुरे आहेत," शिपाई सोनटक्के म्हणाला. "अजून ऊस दातानं सोलतो."

निवृत्ती घोलप गल्लोगल्लीचे वॉल फिरवून पाणी सोडणारा वॉलमन होता आणि चार महिन्यांपासून निलंबित होता. एप्रिलमध्ये पेठेची पाळी असताना त्यानं खालच्या आळीचा वॉल वीस मिनिटं उघडला होता. तशी टिपणी हेमलताबाईंनीच लिहिली होती. तारीख, वेळ, मिनिटं. टिपणीत एक अक्षर खोटं नव्हतं. तरीही तेव्हापासून घरी जाताना त्या खालच्या आळीवरून जात नसत. लांबचा रस्ता धरत, आणि लांबचा रस्ता धरतो आहोत हे चालताना सारखं आठवत राही.

त्या दिवशी मात्र त्या सरळ आळीत गेल्या. निवृत्ती ओट्यावर बसून प्लास्टिकची नळी जोडत होता.

"या, मॅडम," तो म्हणाला. उठला नाही.

त्यांनी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. निवृत्तीनं नळी खाली ठेवली आणि गालाच्या आत जीभ फिरवली.

"निलंबित माणसाला कार्यालयात पाय ठेवायची मनाई आहे ना?"

"साहेबांनी पत्र दिलंय." त्यांनी ते पुढे केलं. 'श्री. निवृत्ती घोलप यांना त्यांच्या दातांच्या मर्यादेपर्यंत कार्यालयात उपस्थित राहण्यास परवानगी देण्यात येत आहे.'

निवृत्तीनं ते सावकाश वाचलं. "म्हणजे चहा प्यायला हरकत नाही."

"निवृत्तीभाऊ, तुम्ही नाही म्हणालात तरी मी समजू शकते."

"नाही म्हटलं तर पाणी कुणाचं तुटेल? माझं, तुमचं, सगळ्या गावाचं." त्यानं पत्राची घडी घातली. "पण मी हळू बोलतो, आधीच सांगतो. तुम्ही बोलता म्हणजे टाइपच करता."

ते खरंच होतं. मंगळवारी दुपारी दोघं यंत्रासमोर खुर्च्या लावून बसले. हेमलताबाई ओळीच्या शेवटी पोहोचायच्या तेव्हा निवृत्ती घर नंबरावर असायचा. यंत्रानं दोघांना सतरा वेळा काढून टाकलं. हेमलताबाईंचा पाय टेबलाखाली सारखा हलत होता. घड्याळाकडे पाहायचं नाही असं ठरवून त्या दर मिनिटाला पाहत होत्या.

"मॅडम, कागदाकडे नका बघू," निवृत्ती म्हणाला. "कागद तुम्हाला पळवतो. माझ्या तोंडाकडे बघा."

चार महिने ज्या माणसाची नजर चुकवली, त्याच्या तोंडाकडे त्यांना पाहावं लागलं. ओठ उघडले की उघडायचे, मिटले की मिटायचे. अठराव्या वेळी पहिली ओळ आत गेली. पडद्यावर आलं: 'ड्रायव्हर नोंदला. नाव: बोरुडे-घोलप. संख्या: एक.' सोनटक्केनं दोघांत एकच चहा आणून ठेवला. मग त्याला काय वाटलं कोण जाणे, जाऊन दुसराही घेऊन आला.

बुधवारी दिवसभर ते वाचत राहिले. गुरुवारी दुपारी बाराला शेवटचा नळ आत गेला. हेमलताबाईंनी मोजणी मागवली. नोंदी एक हजार नऊशे बारा होत्या. पैकी एकतीस ठिकाणी घर नंबराची जागा कोरी होती.

एकतीसच्या एकतीस घरं खालच्या आळीची होती. निवृत्तीचं त्यातच होतं.

"आपण तर नीट वाचलं," निवृत्ती म्हणाला. "माझ्या घराचा नंबर मी चुकणार नाही."

लोणकरांनी फोनवर समजावलं. ड्रायव्हर जोडलेला असला की यंत्र पहिल्या आठ ओळी लक्ष देऊन ऐकतं आणि त्यावरून पुढचं सगळं कसं असणार ते ठरवून टाकतं. पहिली आठ घरं पेठेतली होती, एक ते आठ. यंत्रानं ठरवलं की घर नंबर म्हणजे निव्वळ आकडा. खालची आळी मागाहून वसली, म्हणून तिथली सगळी घरं दोनशे बाराच्या पोटात अक्षरं लावून बसवलेली होती. दोनशे बारा-क, दोनशे बारा-ख. यंत्राला अक्षर ऐकू आलं, पण निव्वळ आकडा नाही म्हणून त्यानं तो अख्खा नंबरच सोडून दिला.

"आठ घरं ऐकली आणि त्याला गाव कळलं," निवृत्ती म्हणाला. चिडून नाही. वॉलच्या चाकाला किती फेरे आहेत हे सांगावं तसं.

"उपाय सोपा आहे," लोणकर म्हणाले. "पहिल्या आठांत एक अक्षराचं घर घाला. मग ते सगळ्यांना मजकूर समजेल. मात्र यादी पहिल्यापासून वाचावी लागेल."

हेमलताबाई मुख्याधिकाऱ्यांकडे गेल्या. राजपाठक साहेबांनी चष्मा काढून ठेवला.

"बोरुडे मॅडम, यादीचा क्रम सर्वसाधारण सभेनं मंजूर केलेला आहे. पेठेतल्या कुणाला नववं करायचं? ठराव लागेल. पुढची सभा वीस तारखेला."

"उद्या पाच वाजता जुनं यंत्र बंद होतंय, साहेब. एकतीस घरांचं पाणी तुटेल."

"वीस तारखेला विषय घेऊ," साहेब म्हणाले, आणि चष्मा परत डोळ्यांवर चढवला.

हेमलताबाई जागेवर येऊन बसल्या. एकोणीस वर्षांत त्यांनी एकही ओळ पाळी सोडून हलवली नव्हती. त्यांना तहान लागली होती, पण उठवेना. निवृत्ती समोर बसून त्यांच्याकडे पाहत होता आणि काहीच सुचवत नव्हता.

"कुणाचं घर वर घेऊ?" त्यांनी विचारलं. "तुमचं घेते."

"माझं नको. लोक म्हणतील, दात दिले आणि घर वर नेलं. वैजंता कदमचं घ्या. बांगड्या विकते. दिवसभर फिरतीवर असते, तिचं हंडाभर पाणीसुद्धा कुणी भरून ठेवत नाही."

हेमलताबाईंनी शीट उघडली. दोनशे बारा-छ, कदम वैजंता रामभाऊ, ही ओळ उचलली आणि तिसऱ्या जागी ठेवली. बोट क्षणभर कळीवर थांबलं. मग त्यांनी ते दाबलं.

"चला," त्या म्हणाल्या. "पहिल्यापासून."

या वेळी कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही. गरज पडली नाही. गुरुवारची उरलेली दुपार आणि शुक्रवारचा अख्खा दिवस गेला. चार वाजता निवृत्तीचा आवाज बसला, तसा हेमलताबाईंनी आपलाही खाली आणला. पाचला नऊ मिनिटं असताना यादी संपली. कोरी जागा एकही नव्हती. निवृत्तीनं दोन्ही हातांनी जबडा चोळला. हेमलताबाईंना रडू येईल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही, नुसती भूक लागली.

सोमवारी राजपाठक साहेबांनी दोघांना बोलावलं. पेठेतून तक्रार आली होती. आठव्या घराचे मालक नवव्या जागी गेले होते आणि त्यांना शनिवारपासून झोप नव्हती.

"मंजूर क्रम मोडला गेलाय," साहेब म्हणाले. "कुणी मोडला?"

"मी," हेमलताबाई म्हणाल्या. "घोलपांचा त्यात संबंध नाही."

"तिथेच अडचण आहे. यंत्रात तुम्ही दोघं मिळून एक आहात. त्यातला निम्मा आधीच निलंबित आहे. एकच ड्रायव्हर अर्धा कामावर आणि अर्धा निलंबित ठेवता येत नाही." त्यांनी टेबलावरचा आदेश पुढे सरकवला. "तुमची एप्रिलची टिपणी चुकीची होती असं लिहून दिलंत, तर दोघांनाही कामावर ठेवता येईल. नाहीतर दोघंही निलंबित."

हेमलताबाईंनी निवृत्तीकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहत होता.

"टिपणी बरोबर होती, साहेब," त्या म्हणाल्या. "वीस मिनिटं उघडला होता."

"एकवीस," निवृत्ती म्हणाला.

"मग प्रश्न मिटला," साहेब म्हणाले. "फक्त एक विनंती आहे. हा आदेश यंत्रात चढवायचा आहे. वाचायला दुसरं कुणी नाही."

दोघं यंत्रासमोर जाऊन बसले. आदेश नऊ ओळींचा होता. त्यांनी तो संथपणे, स्पष्टपणे वाचला. 'पुढील आदेश होईपर्यंत निलंबित करण्यात येत आहे,' इथेही अक्षर मागेपुढे झालं नाही. यंत्रानं पहिल्याच खेपेला नोंद घेतली, आणि खाली लिहिलं: 'ड्रायव्हर निलंबित. यापुढे यादीत बदल करता येणार नाही.'

राजपाठक साहेबांनी ते वाचलं आणि वीस तारखेच्या सभेतून एक विषय कमी केला.

दुसऱ्या दिवशी हेमलताबाईंना पाचलाच जाग आली. डबा करायचा नव्हता, कार्यालय गाठायचं नव्हतं. घरात त्या या खोलीतून त्या खोलीत गेल्या, दोनदा पर्स उघडली, दोनदा बंद केली. शेवटी चपला घालून बाहेर पडल्या आणि खालच्या आळीत आल्या. आळीच्या पाण्याची वेळ सहा दहाची होती. बायका हंडे लावून उभ्या होत्या. वैजंता कदमनं बांगड्यांची पेटी ओट्यावर ठेवून बादली नळाखाली सरकवली होती. निवृत्ती दारात दात घासत उभा होता.

नळानं आधी हवा सोडली. मग पाणी आलं.

हेमलताबाईंनी घड्याळ पाहिलं. सहा वाजून आठ मिनिटं झाली होती.

"दोन मिनिटं आधी आलं," त्या म्हणाल्या.

निवृत्तीनं चूळ भरली.

"येऊ द्या," तो म्हणाला.