बंदुकीचे सुटे भाग

"अहो, सूनबाई त्या बंदुकीकडे बघत बघतच जेवते. घास उतरत नाही पोरीच्या घशाखाली. विकून टाका ती!"

सासूबाईंना कुजबुजता येत नसे. कुजबुजताना त्यांचे शब्द तेवढे सावकाश येत, आवाज मात्र होता तेवढाच राही. त्यामुळे उष्टी ताटं घेऊन स्वयंपाकघराच्या दाराशी आलेल्या नव्या सुनेला सगळं अगदी स्वच्छ ऐकू आलं.

आत सासरे गप्प झाले होते. या घरात कोणी गप्प होणं ही साधी गोष्ट नव्हती. बंदूक त्यांच्या वडिलांची. लायसन्स सासऱ्यांच्या नावावर. त्यांनी ती आयुष्यात एकदाच उडवली होती, तीही लायसन्ससाठी परीक्षा देताना, डोळे मिटून. पण दर रविवारी ती भिंतीवरून उतरवून, मांडीवर घेऊन, लहान मुलाचं अंग पुसावं तशी ते पुसत.

"विकू," शेवटी ते म्हणाले. "बंदुकीपेक्षा पोर मोठी."

सुनेला बंदुकीची भीती मुळीच वाटत नव्हती. ती तिकडे बघायची हे खरं, पण त्याचं कारण भलतंच होतं आणि ते सांगायचं तर आधी बोलायला मिळायला हवं. ताटं ठेवून ती म्हणाली, "बाबा, मला खरं तर—"

"कळलं गं, सगळं कळलं," सासरे डोळे पुसत म्हणाले. "तू काळजी करू नकोस."

खोलीत नवऱ्याला सांगावं, तर तो तिलाच धीर देऊ लागला. "अगं, मीपण लहानपणी फार घाबरायचो!" म्हणाला, आणि मग त्याचं बालपण सुरू झालं. ते संपायच्या आत तिला झोप लागली.

गिऱ्हाईक पटकन मिळालं. शेजारचे दंतवैद्य. त्यांना बंदूक वेटिंगरूममध्ये टांगायची होती. ("पेशंटचं लक्ष दाढेवरून उडतं हो!") पण घ्यायची तर पट्टा, कव्हर, दुर्बीण, सगळ्या सरंजामासकट.

"डॉक्टरांकडे लायसन्स आहे का पण?" नवऱ्यानं जेवताना विचारलं.

"आहे ना. दात काढायचं."

"बाबा, बंदुकीचं लागतं!"

इथे नणंदेनं चमचा खाली ठेवला. ती वकिलीच्या पहिल्या वर्षाला होती. अभ्यास जेमतेम भाडेकरारापर्यंत आला होता, पण मत सगळ्याच कायद्यांवर तयार होतं.

"लायसन्स नसलेल्याला बंदूक विकता येत नाही. बरोबर? मग बंदूक विकूच नका. सुटे भाग विका! मोटारीचं चाक विकलं म्हणजे काय मोटार विकली?"

"आणि डॉक्टरांनी घरी नेऊन जोडली तर?"

"तो त्यांचा छंद!"

"पोरगी नाव काढणार," सासूबाई म्हणाल्या.

"पण सगळेच भाग जर—" सून म्हणाली.

"वहिनी, तू घाबरू नकोस गं," नणंदेनं तिच्या पाठीवर थोपटलं.

झालं. बंदूक हप्त्याहप्त्यानं निघाली. आधी पट्टा गेला, तशी बंदूक खिळ्यावरून खाली आली. मग कव्हर. मग दुर्बीण. दंतवैद्य रोज संध्याकाळी पिशवी घेऊन येत आणि भाजी न्यावी तसा एकेक भाग नेत. सासरे त्यांना फाटकापर्यंत सोडायला जात आणि परत आले की रिकाम्या खिळ्याखाली बसून राहत. जेवण निम्म्यावर आलं होतं त्यांचं. सून ते बघत होती. दोनदा तिनं तोंड उघडलं, दोन्ही वेळा सासूबाईंनी त्यात काहीतरी खायला घातलं.

उरली नळी, चाप आणि लाकडी दस्ता. नळी दुसऱ्या दिवशी जायची होती. पण सासऱ्यांना चोरून काही करणं जमत नसे. कायद्यातून पळवाट काढायची, तीही पोलिसांच्या कानावर घालून, असा त्यांचा सरळ स्वभाव. सकाळी ते चौकीत जाऊन सांगून आले, "आम्ही बंदूक कायद्यात सापडणार नाही अशा बेतानं विकतोय. म्हटलं, तुम्हाला माहीत असावं."

फौजदार संध्याकाळी स्वतःच आले. नेमके दंतवैद्यही पिशवी उघडून उभे होते.

"बंदूक कुठंय?"

"बंदूक अशी नाही आता," सासरे म्हणाले. "नळी आहे."

"आणि बाकीची?"

"थोडी माझ्याकडे," दंतवैद्य अभिमानानं म्हणाले.

फौजदारांनी टोपी काढली, कपाळ पुसलं आणि खुर्चीत बसले. "पट्टा, कव्हर, दुर्बीण विका, कोणी विचारत नाही. पण नळी आणि चाप म्हणजे कायद्यानं बंदूकच, मग जोडलेली असो नाहीतर सुटी. काडतुसांचंही तेच. घेणाऱ्याकडे लायसन्स हवं आणि विकायच्या आधी आमची परवानगी. ही नळी या पिशवीत पडली असती ना, तर तुम्ही दोघंही आत गेला असता."

दंतवैद्यांनी पिशवी मिटली. "दुर्बीण आणून देतो," म्हणाले, आणि स्वतःचीच दाढ दुखत असल्याच्या घाईनं निघून गेले.

"हे मला अजून शिकवलेलं नाही," नणंद पुटपुटली.

"पण एवढी जपलेली वस्तू विकता कशाला?" फौजदारांनी विचारलं.

सासूबाईंनी कुजबुजून सांगितलं, "आमची सूनबाई घाबरते हो तिला." रस्त्यापलीकडचं कुत्रं भुंकलं.

सगळ्यांनी सुनेकडे पाहिलं. फौजदार समोर असल्यामुळे असेल, पण कोणीच काही बोललं नाही. सासऱ्यांचे हात नळीवर होते. लग्न झाल्यापासून पहिल्यांदाच घरात एक अख्खं वाक्य मावेल एवढी जागा झाली होती. ती पुन्हा भरायच्या आत सून एका दमात म्हणाली,

"मी घाबरत नाही तिला, बाबा. तुम्ही चौघं जेवताना एकदम बोलता, आणि या घरात माझ्यासारखी गप्प बसणारी ती एकटीच आहे. ती गेली, तर मी गप्प कोणाबरोबर बसू?"