आतलं गिऱ्हाईक

स्वतःच्याच दोन हातांवर टॉवेल टाकून, आत बोटं धरून, स्वतःशीच घासाघीस करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. सावेडीतले आमचे शेजारी, रंभाजीआबा.

घोडेगावच्या बैलबाजारात त्यांनी उभा जन्म दलाली केली. तिथे भाव तोंडानं नाही, रुमालाखाली बोटं दाबून ठरतो. अक्षरओळख मात्र शून्य. सत्तरीत मुलाच्या फ्लॅटवर राहायला आले आणि थेट माझ्या दारात.

"बाई, तुमी शाळंवर हुता म्हनं. मला पेपर वाचाया शिकवा. म्हातारीची नजर गेली. ती मला रोज वाचून दावायची. आता तिला कोन दावनार?"

मी लगेच हो म्हटलं. झालं, आबांची थेरं सुरू! सोमवारी दाढ दुखली. मंगळवारी चष्मा हरवला, तो गुरुवारी ज्वारीच्या डब्यात सापडला.

"डब्यात कोणी ठेवला?" मी कडाडले.

"मीच ठिवला आसंल. आतलं गिऱ्हाईक लई बेरकी हाय, बाई. मला कळू न देता दांडी मारतंय."

जन्मभर पोरांच्या सबबी ऐकल्या, पण स्वतःची चोरी स्वतःच पकडून देणारा विद्यार्थी मला पहिल्यांदाच भेटला.

मग टॉवेल निघाला. गिऱ्हाईक म्हणायचं, आज नको. आबा म्हणायचे, पानभर. बोटं चेपत, मान हलवत, एकदा तर चिडून उठून जात, शेवटी चार ओळींवर यायचं. "जमला सौदा!" म्हणून आबा पुस्तक उघडायचे आणि घाम गाळून चारही ओळी वाचायचेच. धन्य तो माणूस!

"पण ते एवढं अडतंय कशाला?" मी एकदा विचारलं.

आबांनी टॉवेलची घडी घातली. "मी शिकलो, म्हंजी तिची नजर आता यायची न्हाई, हे कबूल केल्यागत हुतंय, बाई."

मी त्या दिवशीचं पुस्तक मिटलं.

वर्षभरात आबा वाचू लागले. परवा सकाळी माझ्यासमोर त्यांनी बातमीतलं 'पाणीटंचाई' एका दमात वाचलं. मला कोण आनंद! संध्याकाळी भाजी द्यायला त्यांच्याकडे गेले, तर आबा बायकोला, हौसाबाईंना, तीच बातमी वाचून दाखवत होते.

"पारनेरात पानी... टं... टंटाई."

"आवं, टंटाई काय! टंचाई!" हौसाबाई खुदकन हसल्या. "मी नसते तर कसं झालं असतं तुमचं?"

"तेच म्हन्तो मी," आबा म्हणाले, आणि माझ्याकडे बघून हळूच ओठांवर बोट ठेवलं.

मी भाजी ओट्यावर ठेवली आणि सकाळच्या वाचनाबद्दल अवाक्षर न काढता घरी आले.