अण्णांचा फॉस्फोरस

पहाटे दारावर काठी वाजायची आणि पाठोपाठ खणखणीत आवाज, "उठा की वो! फॉस्फोरस आला!"

नव्वदच्या दशकात नोकरीसाठी मी नागपूरहून बेंगळुरूला आलो आणि राजाजीनगरात अण्णा हुद्दारांच्या माडीवर भाड्यानं राहू लागलो. पहिल्या दिवशी मला वाटलं, कुठंतरी गॅस गळतोय. अण्णांनी मला गच्चीवर नेलं आणि पूर्वेकडे काठी रोखली.

"स्वल्प वर बघा. प्राचीन ग्रीकांचा पहाटतारा. इऑस म्हणजे त्यांची उषा, तिचा हा मुलगा. हातात मशाल घेऊन आईच्या पुढं चालतोय."

आपला साधा शुक्र तो! पण अण्णा त्याच्याबद्दल बेळगावच्या भाच्यासारखं बोलायचे. काही महिने तो संध्याकाळी पश्चिमेला दिसे. मग ग्रीक त्याला हेस्परस म्हणत आणि अण्णा म्हणत, "शिफ्ट बदलली त्याची." एकदा दूधवाल्यानं मला हळूच विचारलं, "नवीन भाडेकरू आलाय म्हणे. त्याला किती दूध?"

त्यांच्या पत्नी, आमच्या अक्का, शरमेनं अर्ध्या व्हायच्या. "लोक हसतात वो," म्हणायच्या. माझीही तीच गत. ऑफिसातले मित्र आले की अण्णा बनियनवर जिन्यात हजर, आणि मी उगाच बुटांच्या नाड्या बांधत बसे.

त्या वर्षी गणेशोत्सवात बसवनगुडीतल्या मराठी मंडळींच्या कार्यक्रमात अण्णांच्या हाती माईक लागला. फॉस्फोरस सुरू झाला. लोक हसत होते, अण्णा रंगले होते.

"त्याचा मुलगा केइक्स. त्याचं जहाज वादळात बुडालं. बाप वर आकाशात. सगळं बघतोय, पण जागा सोडता येईना. शेवटी त्यानं ढग ओढून तोंड..."

अण्णा थांबले.

"अण्णा, शिफ्ट संपली का?" मागून कुणीतरी ओरडलं. सभागृह खदखदून हसलं. अक्कांनी मान खाली घातली. अण्णा माईक ठेवून बाहेर गेले.

मी मागोमाग गेलो. ते रस्त्याकडच्या पायरीवर बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "आम्हाला एक मुलगा होता. शरद. दुसरीत होता."

मला हे ठाऊकच नव्हतं.

"ताप डोक्यात गेला. हिनं दोनदा निरोप धाडला. मी टेलिफोन एक्स्चेंजात, ट्रंक बोर्डावर. बदली माणूस आला नव्हता. म्हटलं, ड्यूटी कशी सोडायची? घरी पोचलो तर सगळं आटोपलेलं." त्यांनी नाक पुसलं. "पुढं ही गोष्ट वाचली. बरं वाटलं. पण त्याला खरंच खाली उतरता येत नव्हतं वो. मला येत होतं. चालत जाण्याएवढं घर."

अक्का मागं येऊन उभ्या होत्या. मी बाजूला झालो. नव्या इरकलीची पर्वा न करता त्या अण्णांच्या शेजारी पायरीवर बसल्या.

"इतकी वर्षं त्याचं नाव काढलं नाहीत माझ्यापुढं."

"लाज वाटायची."

"मलाही," अक्का म्हणाल्या. "दुसरा निरोप मी उशिरा धाडला. कामात अडवलं म्हणून तुम्ही रागवाल, असं वाटलं."

मग भर रस्त्यात, येणाऱ्याजाणाऱ्यांसमोर, अण्णांनी अक्कांचा हात हातात घेतला. अक्कांनी तो सोडवून घेतला नाही.