डीकन ब्रॅक्स्टनचा प्रचार

"या निवडणुकीत मला हरवणारा अजून जन्माला यायचाय!" थॅडियस ब्रॅक्स्टनने आरशाकडे बघत जाहीर केलं. गालाला साबणाचा फेस होता, हातात वस्तरा होता, आणि आवाजात असा दम होता की आरसाच त्याला मत देऊन टाकेल!

"जन्माला आलीय," दारातून ओडेसा म्हणाली. ओडेसा म्हणजे त्याची बायको. "आणि कालच तिने अर्जही भरलाय. व्हर्लीन पेटवे."

वस्तरा जरासा थबकला, पण थॅडियस घाबरला नाही. क्लीव्हलंडच्या पूर्वेकडच्या त्या उपनगरात निम्म्या लोकांच्या हाती पहिला ट्रंपेट त्यानेच दिला होता. माध्यमिक शाळेचा बँड त्याने उभा केला, निवृत्त होईपर्यंत पोटच्या पोरासारखा सांभाळला. आणि आता शाळा मंडळात टूम निघाली होती की बँड बंद करावा आणि त्या खोलीत गणिताची जादा शिकवणी सुरू करावी! मंडळातले निम्मे सभासद बँडच्या बाजूचे, निम्मे गणिताच्या. एक जागा रिकामी. ती ज्याला मिळेल त्याच्या हातात बँडचा जीव. आणि व्हर्लीन गणिताच्या बाजूची.

"तिच्याकडे आहे काय?" थॅडियस म्हणाला. "एक विम्याची कचेरी आणि कपाटभर टोप्या!"

"तिच्या वडिलांचा गळा आहे तिच्याकडे," ओडेसा म्हणाली आणि निघून गेली.

हे मात्र खरं होतं. व्हर्लीनचे वडील पाद्री होते. त्यांचं प्रवचन साध्या बोलण्यात सुरू व्हायचं, मग बोलण्याला चाल लागायची, चालीला सूर चढायचा, आणि शेवटी प्रवचन कुठे संपलं नि गाणं कुठे लागलं हे देवालाच ठाऊक! अशा प्रवचनाचं अर्धं काम बाकांवरून होतं. पाद्र्याने ओळ टाकायची, समोरून कुणीतरी ती झेलायची. "आमेन!" "बोला, बोला!" "सावकाश, घाई नको!" आपल्याकडे बुवा कितीही रंगात आले तरी मागच्या टाळकऱ्यांनी धृपद उचललं नाही तर कीर्तन जमिनीवरच राहतं ना, अगदी तसं. थॅडियस गिलियड बाप्टिस्ट चर्चचा डीकन, म्हणजे पाद्र्याच्या हाताखालचा मानकरी; तिथे पुढच्या डाव्या बाकावर बसून ओळ झेलण्याचं काम तो जन्मभर करत आला होता. त्याचा पहिला "आमेन" पडल्याशिवाय बाकीचे तोंड उघडत नसत. त्याच्या दृष्टीने ती सवय नव्हती, सेवा होती. फक्त ती थांबवायची कशी, हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं.

उमेदवारांची पहिली सभा शाळेच्या कॅन्टीनमध्ये झाली. थॅडियस आधी बोलला. आकडे सांगितले, मुद्दे मांडले, लोकांनी सभ्यपणे टाळ्या वाजवल्या. मग जांभळी टोपी सावरत व्हर्लीन उठली.

"मी आज दमून आले," ती हळूच म्हणाली. "पण आमच्या मुलांची दप्तरं बघितली, आणि दमणं विसरले."

"आमेन," थॅडियस म्हणाला. अगदी हळू. नकळत.

ओडेसाचं कोपर त्याच्या बरगडीत शिरलं.

"मुलांना आकडे येत नाहीत," व्हर्लीनचा आवाज किंचित चढला, "म्हणून दुकानदार फसवतो!"

"खरं आहे!" थॅडियस.

"दुकानदार फसवतो, मग बँक फसवते!"

"बोला, सिस्टर!"

"बँक फसवते, मग अख्खं जग फसवतं!"

"सावकाश, सिस्टर, घाई नको! सांगा त्यांना!" थॅडियस उभाच राहिला! पुढारीच उभा राहिल्यावर बाकीचे कसे बसून राहतील? कॅन्टीन दणाणलं. मागे भांडी घासणाऱ्या बाईने तवा वाजवला!

"मेल्या, ती तुझ्या बँडचा गळा दाबतेय!" ओडेसाने त्याचा कोट खाली ओढला.

"हो, पण काय सुरात दाबतेय!" थॅडियस डोळे पुसत म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी शेजारचे मिस्टर होल्कम आपल्या हिरवळीवरची थॅडियसच्या नावाची प्रचाराची पाटी उपटून परत द्यायला आले.

"राग मानू नका, डीकन. पण तुम्हालाच तिचं एवढं पटलंय, तर आम्ही कोण मध्ये बोलणारे?"

"मला नाही पटलं! ते आपलं सहज तोंडातून गेलं!"

"सहज गेलं म्हणजे मनातलंच असणार," मिस्टर होल्कम समजूतदारपणे म्हणाले.

गल्लीत पाट्या गळू लागल्या. ओडेसाने उपाय शोधला. वाचनालयातल्या दुसऱ्या सभेत व्हर्लीन उठताच तिने नवऱ्याच्या तोंडात दोन चिकट टॉफ्या कोंबल्या. अशा टॉफ्या, की एकदा दात रुतले की कवळीसुद्धा गहाण पडावी! जबडे बंद झाले. ओडेसा निर्धास्त झाली.

पण माणसाचं नाक उघडं असतं हे ती विसरली. व्हर्लीनने पहिली तान घेतली आणि थॅडियसच्या छातीतून घुमत आलं, "हं-ऽ-ऽ-ऽम!"

आता गिलियडमध्ये "आमेन" कुणीही म्हणतं. पण जाणत्या माणसाने डोळे मिटून असा हुंकार दिला की समजावं, शब्द काळजाला भिडलाय. मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्या बायकांनी रुमाल काढले. "बघा, डीकनला बोलवतसुद्धा नाहीये!" एक जण हुंदका देत म्हणाली. त्याला खरंच बोलवत नव्हतं! त्याची पाळी आली तेव्हाही टॉफी तशीच होती. तो माइकसमोर उभा राहिला, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटला, दोन्ही हात हवेत हलवले आणि खाली बसला. लोकांनी उभं राहून टाळ्या वाजवल्या. वाटलं, त्याने माघार घेतली!

उरला मतदानाच्या आधीचा रविवार.

"चर्च कुणाचीच बाजू घेत नाही," गिलियडचे पाद्री रेव्हरंड गिल्यम म्हणाले. "म्हणून दोघंही बोलतील. आधी सिस्टर पेटवे."

"थॅडियस," ओडेसा कानाशी पुटपुटली, "आज गप्प बसलास तर बँड वाचेल. पोरांची शपथ आहे तुला."

थॅडियसने बाकाची कड घट्ट धरली. शनिवारीच तो बँडच्या खोलीत जाऊन आला होता. ढोलांवर चादरी टाकल्या होत्या, घरात कुणी गेल्यावर टाकतात तशा. आज काही झालं तरी तोंड उघडायचं नाही!

व्हर्लीन उभी राहिली. ऑर्गनवाल्या क्लिओटसची बोटं सवयीने पट्ट्यांवर गेली. ती बोलायला लागली, बोलण्याला चाल आली, चालीला सूर. थॅडियसच्या कपाळावर घाम फुटला, पण तोंड बंद.

"आपल्या मुलांना हवंय तरी काय?" व्हर्लीनने विचारलं.

बाक गप्प. सगळे थॅडियसकडे बघत होते.

"मी विचारते, हवंय तरी काय?"

शांतता. क्लिओटसने सूर लांबवला.

"अहो गिलियडकर," व्हर्लीनने वडिलांसारखा हात वर नेला, मान मागे टाकली, आवाज पार छपराला टेकवला, "आपल्या मुलांना, हवंय, तरी, कायऽऽऽ?"

आणि ती थांबली. ही थांबण्याची जागाच होती, इथे बाकांनी झेलायचं. पण कुणी झेललं नाही. ती बाई हात वर करून तशीच उभी राहिली, शिडी काढून घेतलेल्या माणसासारखी. थॅडियसला स्वतःची निवडणूक बुडालेली सोसली असती. पण देवाच्या घरात ओळ अधांतरी लोंबकळतेय, आणि आपण बाक धरून बसलोय? हे त्याच्याच्याने सोसवेना! काहीतरी दिलंच पाहिजे! पोटातून जे होतं ते आलं.

"बँड!"

क्लिओटसने दणकन सम गाठली. चर्चचा ढोल कडाडला. सगळं चर्च एका तोंडाने ओरडलं, "बँड!"

व्हर्लीनचे डोळे विस्फारले. पण ती पाद्र्याची पोर होती. बाकांनी दिलेला शब्द खाली टाकायचा नसतो, हे ती पाळण्यात शिकली होती. आणि त्या उंचीवरून थांबता येतं कुणाला?

"बँड!" ती गर्जली. "भटकणाऱ्या पोराला रांगेत कोण आणतो?"

"बँड!"

"हरलेल्या संघाला मैदानात ताठ कोण चालवतो?"

"बँड!"

"आणि मी निवडून आले तर त्याला हात लावू देणार नाही!" ती घामाघूम होऊन म्हणाली, आणि म्हटल्यावर स्वतःच दचकली. तोवर लोक नाचायला लागले होते.

सगळं निवल्यावर रेव्हरंड म्हणाले, "आता डीकन ब्रॅक्स्टन."

थॅडियस उठला. टाचणं बघितली, खिशात ठेवली. "सिस्टर पेटवे म्हणाल्या तेच," म्हणाला आणि बसला.

व्हर्लीन निवडून आली. गिलियडजवळच्या मतदान केंद्रावर तर थॅडियसला इतकी कमी मतं पडली की ती कुणाकुणाची हे नावानिशी सांगता आलं असतं!

निकालाच्या दुसऱ्या दिवशी दुपारी दारावरची घंटा वाजली. दारात हिरवी टोपी.

"अभिनंदन, सिस्टर," थॅडियस म्हणाला.

"अभिनंदन कसलं! तुम्ही मला भर चर्चमध्ये दरीत ढकललंत, डीकन!"

"मी? मी तर हात दिला!"

"त्याच हाताने ढकललंत!" व्हर्लीन खुर्चीत बसली. "पण देवाच्या घरात दिलेला शब्द आहे, आणि तोही सुरात. बँड राहील."

थॅडियसला बोलवेना. या वेळी तोंडात टॉफीही नव्हती.

"मात्र तुमच्या जागी आलेला मास्तर नोकरी सोडून गेलाय, आणि नवा वर्षभर तरी मिळायचा नाही," व्हर्लीन पुढे म्हणाली. "तोवर तुम्ही. रोज. सकाळी पावणेसातला."

"पावणेसात!" थॅडियस उडाला. "अहो, मी निवृत्त आहे! मी आता कुठे घरी बसायला लागलोय!"

"आणि सुटतो कधी तो?" स्वयंपाकघरातून ओडेसाने विचारलं.

"तीनला. सामन्यात वाजवायचं असलं की रात्रीचे नऊ."

"शनिवारी?"

"शनिवारी संचलन."

"छान," ओडेसा म्हणाली.

थॅडियसने सावकाश मान वळवली. "ओडेसा, तू मत कुणाला दिलंस?"

"मतदान गुप्त असतं, थॅडियस. हात धुऊन ये."

तो हात धुऊन आला. टेबलावर रताळ्याची पाई वाफाळत होती. शेजारी तीन बशा, तीन काटे, व्हर्लीनला आवडते तशी घट्ट साय. पाई भाजायला तासभर लागतो आणि व्हर्लीन तर आत्ता कुठे आली होती, एवढं गणित त्यालाही जमलं.