मॅडमची पावलं

कलशेट्टी सर पी.टी.च्या तासाला कधी 'सावधान' म्हणाले नाहीत. ते म्हणत, "बगळा." की सगळा वर्ग एका पायावर. "मांजर" म्हटलं की पोरं पाठीची कमान करून आळस देत. शिट्टी त्यांच्याकडं नव्हतीच. "शिट्टीनं रिक्षा थांबते, सर. पोरगं कशाला पळंल?"

कर्नाटकच्या हद्दीलगतच्या दुधनीचे असल्यामुळं त्यांचं बोलणं 'नोड्री'नं, म्हणजे 'बघा'नं, सुरू व्हायचं. "नोड्री सर, वासराला पळायला कुणी शिकवतं का?" अक्कलकोट रोडवरच्या त्या शाळेचा मी मुख्याध्यापक. उत्तर सुचायचं नाही, म्हणून मी परवानगी द्यायचो. अशाच एका परवानगीतून शाळेत शेळी आली. पोरांनी तिचं नाव 'मॅडम' ठेवलं. कुणी मैदानातून "मॅडम" अशी हाक मारली, की स्टाफरूमच्या खिडकीत तीन बाई एकदम डोकावत.

पुढं एका टॉवेल कारखानदारानं मुलांना पावलं मोजणारे पट्टे दिले. रोजचे आकडे हॉलमधल्या पडद्यावर दिसू लागले. एक दिवस सहावीची श्रावणी पहिली आली. श्रावणी चाकांच्या खुर्चीतून शाळेत यायची.

त्याच सकाळी मी मैदानावर गेलो, तर तिचा पट्टा मॅडमच्या गळ्यात. "शेळीचं नाव हजेरीत घालू का, कलशेट्टी?" म्हणत मी तो सगळ्या शिक्षकांसमोर सोडवून घेतला. सगळे हसले. सर शेळीला घेऊन निघून गेले. निवृत्तीनंतरही हा किस्सा मी लग्नाकार्यांत रंगवून सांगत आलो. त्या दुपारचं मात्र कुणाला सांगितलं नाही.

त्या दुपारी श्रावणी लिंबाखाली बसली होती, मी मागच्या व्हरांड्यात उभा. सर शेळीला पार कुंपणापर्यंत ओढत नेत आणि सोडून देत. मग श्रावणी हाक मारायची, "मॅडम, ये की." शेळी सुसाट तिच्याकडं. दुसऱ्या कुणाच्या हाकेला ती कानही हलवायची नाही. शेळीला पळवणारी श्रावणी, तर पावलंही तिचीच, असा सरांचा हिशेब. सकाळी तो सांगायचा, तर तिचं रोजचं शून्य सगळ्यांसमोर बोलून दाखवावं लागलं असतं.

"सर, पट्टा कुटं गेला?" श्रावणीनं विचारलं.

"चार्जिंगला लावलाय."

"मग आज माझी पावलं?"

"मी मोजली की. लई चाललीस. बस आता, पाय दुखतील."

पट्टा माझ्या खिशात होता. श्रावणी खरंच दमल्यासारखी खुर्चीत मागं टेकली.